मनगटावरच्या आकड्यांची कुळं

अर्धमॅरेथॉन संपवून आलेल्या धावकांच्या घोळक्यात एक वाद हमखास सुरू होतो. आयोजकांनी सांगितलेलं अंतर २१.०९७५ किलोमीटर. कुणाच्या घड्याळात २१.३० भरलेलं असतं, कुणाच्या २१.४५. ‘रस्ता जास्त मोजलाय’ असं निम्मे म्हणतात, आणि ज्याच्या घड्याळात २०.९५ आलेलं असतं तो बिचारा खट्टू होऊन पाणी पीत उभा राहतो. हा वाद मला महत्त्वाचा वाटतो. या घड्याळाच्या पडद्यावर वेळ, अंतर, पेस (किलोमीटरला लागणारी मिनिटं), हृदयगती, व्हीओटू मॅक्स असे पाच-सहा आकडे एकाच ठशात शेजारी शेजारी बसलेले असतात आणि आपण ते सगळे सारख्याच भरवशाचे समजतो. त्यांचे जन्म मात्र वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कामांसाठी झाले. प्रत्येकाने आपल्या घराण्याची ताकद आणली, तशी खोडही आणली. ही घराणी ठाऊक झाली की कुठल्या आकड्यावर किती विसंबायचं ते कळतं, आणि कुठलं घड्याळ घ्यायचं हा प्रश्नही बराचसा सुटतो.

अंतराच्या वादापासूनच सुरुवात करू, कारण त्यात मोजमापाची दोन घराणी एकमेकांसमोर उभी आहेत.

पहिलं घराणं सायकलचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रस्त्यावरच्या शर्यतींचं अंतर बऱ्याचदा मोटारीच्या मीटरवर मोजलं जाई आणि ते खुशाल शेकडो मीटरनी चुके. इंग्लंडमधल्या रोड रनर्स क्लबच्या जॉन ज्युवेल यांनी १९६१ साली अंतर मोजण्याच्या पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि सायकलच्या चाकाला कौल दिला. ती पद्धत अमेरिकेत नेली टेड कॉर्बिट यांनी. कॉर्बिट १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले, व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आणि न्यूयॉर्कच्या रोड रनर्स संघटनेचे पहिले अध्यक्ष. १९६४ मध्ये त्यांनी रस्त्यावरच्या शर्यती मोजण्याविषयी एक पुस्तिका लिहिली. अंतर अचूक नसेल तर विक्रमाला अर्थ नाही, हे त्यांनी आयुष्यभर लावून धरलं. मग १९७१ साली अॅलन जोन्स या अभियंत्याने सायकलच्या पुढच्या चाकाच्या आसाशी बसणारा एक छोटा गणक तयार केला. चाकाच्या एका फेरीत तो सुमारे वीस आकडे पुढे सरकतो, म्हणजे एक आकडा अर्ध्या वितीएवढ्या अंतराचा. जोन्स काउंटर या नावाने तो आणि त्याची सुधारलेली भावंडं आजही जगभरच्या प्रमाणित शर्यती मोजतात.

ही रीत मोठी कसोशीची आहे. आधी पोलादी टेपने काही शे मीटरचा सरळ पट्टा मोजायचा, त्यावर सायकल अनेकदा चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढायचं, मग शर्यतीचा मार्ग मोजायचा आणि परत येऊन पुन्हा पट्ट्यावर तपासायचं, कारण ऊन चढलं की टायरमधली हवा प्रसरण पावते आणि चाकाचा घेर बदलतो. मोजताना वळणावर कडेपासून फक्त ३० सेंटिमीटर अंतर ठेवून, धावकाला शक्य असलेला सर्वांत आखूड मार्ग धरायचा. आणि एवढं करून शेवटी हजारात एक भाग मुद्दाम वाढवायचा, म्हणजे मोजणीत चूक झालीच तरी मार्ग कमी भरणार नाही. पूर्ण मॅरेथॉनला ही वाढ ४२ मीटरची होते, अर्धीला २१.

आता धावकाकडे बघा. तो गर्दीतून वाट काढत, पाण्याच्या टेबलाकडे तिरका जात, वळणं बाहेरून घेत धावतो. आखूड मार्ग त्याच्या पायांना मिळतच नाही. म्हणजे आयोजकांचं अंतर खरं असतं आणि त्याचे पाय जास्त धावलेले असतात, हेही खरं असतं. त्यात दुसऱ्या घराण्याची, उपग्रहाच्या घराण्याची खोड मिसळते. घड्याळ साधारण सेकंदाला एक बिंदू टिपतं. प्रत्येक बिंदू दोन-चार मीटर इकडेतिकडे पडतो. दोन बिंदू असे स्वतंत्रपणे चुकले की त्यांना जोडणारी रेघ सरासरीने खऱ्यापेक्षा लांबच होते. साल्झबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी हे गणिताने मांडून दाखवलं आहे. उलट घाटातल्या गोल वळणांवर दोन बिंदूंच्या मधला बाक सरळ कापला जातो आणि अंतर आखूड भरतं. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरच्या घाटात एका बाजूला डोंगर आकाश अडवतो आणि रस्ता सारखा वळत राहतो. तिथे एकाच रांगेत धावलेल्या दोघांची घड्याळं वेगळं बोलली तर कुणालाच दोष देता येत नाही. खट्टू झालेल्या त्या २०.९५ वाल्याने पूर्ण अर्धमॅरेथॉन धावलेली असते, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

उपग्रहाचं हे घराणं जन्मलं ऑक्टोबर १९५७ मध्ये. ४ तारखेला सोव्हिएत रशियाने स्पुट्निक सोडला. अमेरिकेत मेरीलँडमधल्या जॉन्स हॉपकिन्सच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण भौतिकशास्त्रज्ञ त्याची २० मेगाहर्ट्झच्या आसपासची ‘बीप बीप’ ऐकत बसले. फलाटावरून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरलेली ऐकू येते, तसा स्पुट्निकचा स्वरही बदलत होता. डॉप्लर परिणाम शाळेत शिकवतात तोच. या दोघांनी तो बदल नोंदला आणि एका जागी बसून, केवळ त्या स्वराच्या चढउतारावरून, उपग्रहाची कक्षा काढली. कुणी त्यांना हे काम दिलं नव्हतं. नुसतं कुतूहल होतं, आणि या सगळ्या कथेतला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

मार्च १९५८ मध्ये त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्ल्यूर यांनी त्यांना प्रश्न उलटा करून विचारला. ऐकणाऱ्याची जागा ठाऊक असताना उपग्रहाची कक्षा काढता येते, तर कक्षा ठाऊक असताना ऐकणाऱ्याची जागा काढता येईल का? मॅक्ल्यूर यांच्या डोळ्यांसमोर पोलारिस क्षेपणास्त्रं घेऊन फिरणाऱ्या पाणबुड्या होत्या. क्षेपणास्त्र डागायचं तर आधी आपण नेमके कुठे आहोत ते कळायला हवं. यातून ट्रान्झिट ही पहिली उपग्रह-दिशादर्शन यंत्रणा उभी राहिली. १९६४ पासून ती अमेरिकी नौदलाच्या कामी आली आणि १९९६ पर्यंत चालली. पण तिचा उपग्रह डोक्यावर येईपर्यंत वाट पाहायची, मग काही मिनिटं ऐकायचं, तेव्हा कुठे जागा कळायची. जहाजाला हे चालतं. विमानाला चालत नाही.

विमानांच्या गरजेतून जीपीएस आलं. १९७३ मध्ये कर्नल ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांच्या नेतृत्वाखाली पेंटागॉनमध्ये सुट्टीच्या दिवसांत झालेल्या बैठकीत आराखडा ठरला. त्यात हवाई दलाची संदेशपद्धती होती, तशी नौदलाच्या संशोधनशाळेत रॉजर ईस्टन यांनी जोपासलेली, अवकाशात अचूक घड्याळं पाठवण्याची कल्पनाही होती. पहिला उपग्रह २२ फेब्रुवारी १९७८ रोजी गेला. पुढे चोवीस उपग्रहांचं जाळं सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरू लागलं आणि १९९५ मध्ये ते पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. १९८३ मध्ये कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं, त्यानंतर ही यंत्रणा नागरी वापराला मोफत देण्याची घोषणा राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने केली होती.

तिचं तत्त्व सांगायला सोपं आहे. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं आणि ते सतत आपली वेळ व जागा सांगत असतं. संदेश किती उशिरा पोचला यावरून उपग्रह किती दूर आहे ते कळतं. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे एक मायक्रोसेकंदाची चूक ३०० मीटरची होते. आपल्या मनगटावर अणुघड्याळ नाही, म्हणून स्थानाच्या तीन आकड्यांसाठी तीन आणि आपल्या घड्याळाची चूक काढण्यासाठी चौथा, असे किमान चार उपग्रह लागतात. आइनस्टाइनही यात आहे. वेगामुळे आणि उंचीवरच्या कमी गुरुत्वाकर्षणामुळे उपग्रहांची घड्याळं जमिनीवरच्यांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरची चूक साचेल. रविवारी सकाळी मैदानाला फेऱ्या मारणाऱ्या माणसाच्या मनगटावर सापेक्षतावाद काम करत असतो.

गायर आणि वायफेनबाख यांचा डॉप्लरही हरवला नाही. घड्याळातली चिप चालू वेग काढते तो बहुधा दोन बिंदूंमधल्या अंतराला सेकंदाने भागून नाही. संदेशाच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून ती वेग ओळखते, कारण तो जास्त नेमका येतो. तरीही हात सारखा झुलत असतो, शरीर निम्मं आकाश झाकतं, म्हणून घड्याळ त्या आकड्याला बरीच सरासरी लावून मगच दाखवतं. चालू पेस बघत धावणारा माणूस म्हणूनच सारखा घाई-ढिलाई करत राहतो. पडद्यावर ‘लॅप पेस’ लावावी, म्हणजे चालू किलोमीटरची सरासरी. शर्यतीत तर आपोआप पडणारे लॅप बंद करून किलोमीटरच्या पाटीशी स्वतः बटण दाबावं. अंतर सायकलच्या घराण्याकडून घ्यायचं आणि वेळ घड्याळाकडून. पाट्या नीट लावलेल्या असतील तर याहून खरा स्प्लिट, म्हणजे टप्प्याची वेळ, नाही.

एक अडथळा मात्र मुद्दाम ठेवलेला होता. नागरी वापराच्या संदेशात अमेरिकी लष्कर जाणूनबुजून चूक मिसळत असे. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसे. बोटीला ते खपलं असतं. चारशे मीटरच्या ट्रॅकवर धावणाऱ्याला नाही. मे २०००च्या पहिल्या मध्यरात्री राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही मिसळ थांबली आणि एका रात्रीत जगभरची जीपीएस यंत्रं कितीतरी पट अचूक झाली. धावण्याच्या घड्याळाचा खरा जन्मदिवस मी हाच मानतो.

मनगटावर जीपीएस त्याआधी आलं होतं खरं. कॅसिओने १९९९ मध्ये प्रो ट्रेक मालिकेत जगातलं पहिलं जीपीएस मनगटी घड्याळ काढलं. ते गिर्यारोहकांसाठी होतं, जाडजूड ठोकळा. धावकांची वाट दुसरीकडून आली. टायमेक्सचं आयर्नमॅन हे १९८६ पासूनचं घड्याळ ट्रायथलॉनवाल्यांच्या हातावर होतंच. २००२-०३च्या सुमारास टायमेक्सने त्याच्या जोडीला दंडावर बांधायचा जीपीएस डबा दिला. आकडे मनगटावर, उपग्रह दंडावर, मध्ये रेडिओचा दुवा. तो डबा बनवून देणारी कंपनी गार्मिन. गॅरी बरेल आणि मिन काओ या दोन अभियंत्यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ती काढली, आणि दोघांच्या नावांतूनच कंपनीचं नाव झालं. विमानं आणि बोटींची दिशादर्शक यंत्रं हा त्यांचा मूळ धंदा. २००३ मध्ये त्यांनी डबा आणि घड्याळ एकत्र करून फोररनर १०१ आणि २०१ आणली. १०१ मध्ये चक्क दोन पेन्सिल सेल घालावे लागत. मनगटावर आडवी बसणारी ती पेटी बघून आज कुणालाही गंमत वाटेल, पण एकट्याने धावणाऱ्याला आपण किती धावलो हे तिने प्रथमच सहज सांगितलं. तोवर नकाशावर दोरा ठेवून किंवा स्कूटरच्या मीटरवर अंदाज काढावा लागे.

२००६ची फोररनर ३०५ हा पुढचा टप्पा. तिच्यातली सर्फस्टार थ्री ही चिप झाडांखालीही संदेश पकडे, आणि जोडीला छातीचा पट्टा होता. इथे उपग्रहाच्या घराण्याला दुसरं एक घराणं सोयरिकीने जोडलं गेलं.

ते घराणं फिनलंडचं. औलू विद्यापीठातले इलेक्ट्रॉनिक्सचे प्राध्यापक सेप्पो सायनायाकांगस यांना बर्फावर स्कीइंग करणाऱ्यांच्या एका प्रशिक्षकाची अडचण कळली. खेळाडूची नाडी थांबून, बोटांनी मोजावी लागते, आणि थांबला की ती लगेच उतरते. सायनायाकांगस यांनी १९७७ मध्ये औलूजवळच्या केम्पेले गावी पोलर ही कंपनी काढली आणि १९८२ मध्ये स्पोर्ट टेस्टर पीई २००० बाजारात आणलं. छातीवर पट्टा, मनगटावर घड्याळ, मध्ये तार नाही. तो पट्टा हृदयाचा विद्युतस्पंद थेट टिपतो, ईसीजीच्याच तत्त्वाने. म्हणून चाळीस वर्षांनंतरही हृदयगतीच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचाच. फक्त त्याला ओलावा हवा. पुण्यातल्या डिसेंबरच्या कोरड्या पहाटे पट्टा पाण्याने न भिजवता बांधला तर पहिली दहा मिनिटं तो वाटेल ते आकडे दाखवतो. घाम आला की मग सुधारतो.

आजच्या घड्याळांच्या पोटाला जे हिरवे दिवे लुकलुकतात ते याच घराण्यातले, पण दूरच्या शाखेचे. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला त्वचेखालचं रक्त कमीजास्त होतं, तसा परतणारा प्रकाश बदलतो. मिओ या कॅनडातल्या कंपनीने २०१३ मध्ये धावतानाही चालेल असं प्रकाशावरचं घड्याळ आणलं आणि दोन वर्षांत तीच युक्ती जीपीएस घड्याळांत शिरली. छातीचा पट्टा सुटला, याचा आनंद सगळ्यांनाच झाला. पण प्रकाशाला हृदयाचा ठोका आणि पावलाचा दणका यांतला फरक कधीकधी कळत नाही. पावलं मिनिटाला १७० पडत असतील आणि सावकाश धावतानाही हृदयगती १७० दिसू लागली, तर ते हृदय नसून पाय आहेत. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर, घट्ट बांधावं. एवढ्याने बरंच सुधारतं. कमी वेळाचे, जोरकस इंटर्व्हल करणाऱ्याने मात्र पट्टाच घ्यावा.

या आकड्याबरोबर ‘झोन’, म्हणजे कमाल हृदयगतीच्या प्रमाणात पाडलेले कष्टाचे टप्पे, येतात आणि तिथे एक जुनी सैल गोष्ट घुसते. बहुतेक घड्याळं कमाल हृदयगती २२० वजा वय या सूत्राने भरून ठेवतात. १९७०च्या आसपास सॅम्युएल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल या अमेरिकी संशोधकांनी आधीच्या काही अभ्यासांतले आकडे एकत्र मांडले, त्यातून निघालेली ती एक ढोबळ रेघ. खेळाडूंसाठी ती कधीच नव्हती. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाच्या सात दशांश असं सुधारित सूत्र दिलं. पण कुठलंही सूत्र घ्या, एकेकट्या माणसाची कमाल गती त्यापासून दहा-बारा ठोके सहज दूर असते. पंचेचाळिशीतल्या बाईला सूत्र १७५ सांगेल आणि तिची खरी कमाल १८६ असेल, तर घड्याळ तिला रोज ‘फार जोरात धावता आहात’ म्हणून टोकत राहील आणि ती उगाच घाबरेल. आपल्या कठोर शर्यतींत दिसलेला सर्वांत मोठा खात्रीचा आकडा सेटिंगमध्ये स्वतः भरावा. घड्याळ घेतल्यावर करायच्या गोष्टींत मी हिला फार वर ठेवतो. हृदयाचा त्रास किंवा औषधं असतील तर हा आकडा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

चौथं घराणं प्रयोगशाळेचं. व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप. त्याचं मूळ १९२०च्या दशकात ए. व्ही. हिल यांच्याकडे जातं. स्नायूंवरच्या कामासाठी नोबेल मिळवलेला हा माणूस मँचेस्टरमध्ये स्वतः पाठीवर पिशवी बांधून गवतावर गोल गोल धावला आणि त्या पिशवीत साठलेला उच्छ्वास तपासला. आजही खरं माप तोंडावर मास्क बांधून, श्वासाचं पृथक्करण करूनच निघतं. घड्याळ श्वास बघत नाही. या वेगाला या धावकाच्या हृदयाचे किती ठोके पडतायत, एवढ्या नात्यावरून ते अंदाज बांधतं. ही गणितं बरीचशी फिनलंडमधल्याच युवास्कुला शहरातल्या फर्स्टबीट कंपनीने रचली. अनेक घड्याळ कंपन्यांनी ती वापरली आणि २०२० मध्ये गार्मिनने ती कंपनी विकत घेतली.

आता हे गणित मुंबईत आणा. दमट हवेत घाम सुकत नाही, शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं आणि त्याच वेगाला हृदयाचे दहा-पंधरा ठोके जास्त पडतात. घड्याळाला वाटतं, धावकाची तयारी घसरली. ऑक्टोबरच्या उकाड्यात मुंबईचे धावक व्हीओटू मॅक्सचा उतरता आलेख बघून निराश होतात आणि डिसेंबरात तोच आलेख काही विशेष न करता चढतो. नवी काही घड्याळं हवामानाचा हिशेब धरतात, पण पूर्ण नाही. हा आकडा वर्षावर्षाने ताडून बघावा, गेल्या जानेवारीचा या जानेवारीशी. ‘अजून ४८ तास विश्रांती घ्या’ हाही अंदाजाच्याच पोटी जन्मलेला सल्ला आहे. त्याला शेजारच्या अनुभवी धावकाच्या सल्ल्याइतका मान द्यावा, त्याहून जास्त नाही.

पावलांचं घराणं मात्र वेगळं आणि छोटं. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानच्या यामासा कंपनीने मानपो-केइ, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक, या नावाने कमरेला लावायचं यंत्र विकलं. दहा हजार हा आकडा तिथून जगभर पसरला, कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून नाही. आजची घड्याळं पावलं मोजतात ती हाताच्या हेलकाव्यावरून. ट्रेडमिलवर किंवा बोगद्यात उपग्रह दिसेनासा झाला की अंतरही याच हेलकाव्यावर चालतं. म्हणून जिममधलं अंतर आणि रस्त्यावरचं अंतर जुळत नाही.

उंचीसाठी हवेचा दाब मोजणारा संवेदक असतो, कारण उपग्रहावरून काढलेली उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते. सिंहगड चढताना तो उत्तम काम करतो. पण पावसाळ्यात त्याच्या बारीक छिद्रात पाणी शिरलं, की सपाट रस्त्यावरही घड्याळ चढण नोंदवतं. नळाखाली छिद्र हलक्या हाताने धुवून वाळू द्यावं, टोचू नये.

मग घ्यावं कुठलं? आठवड्यातून तीन-चार वेळा मैदानावर किंवा मोकळ्या रस्त्यावर पाच-दहा किलोमीटर धावणाऱ्याला साधं, एकाच वारंवारतेवर चालणारं जीपीएस पुरतं. दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्याचा घेर सुमारे १.१७ किलोमीटर आहे आणि वरचं आकाश बऱ्यापैकी मोकळं. तिथे स्वस्त आणि महाग घड्याळांत पडणारा फरक पैशांच्या मानाने नगण्य. नरीमन पॉइंट किंवा लोअर परळच्या उंच इमारतींमध्ये, नाहीतर सह्याद्रीच्या घळीत धावायचं असेल तेव्हा दुहेरी वारंवारता कामी येते. त्यामागचं कारण सुंदर आहे. जुन्या, १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या एल-वन संदेशाच्या सांकेतिक लिपीतली एक कडी जमिनीवर मोजली तर सुमारे ३०० मीटर लांब भरते. ११७६.४५ मेगाहर्ट्झच्या एल-फाइव्हची कडी तिच्या दहाव्या हिश्शाची, ३० मीटरची. इमारतीवर आपटून उशिरा आलेला संदेश कुठला आणि थेट आलेला कुठला, हे आखूड कडीत चटकन वेगळं करता येतं. धावण्याच्या घड्याळांत ही सोय २०२१-२२ पासून रुळली. तिने बॅटरी मात्र लवकर खर्च होते.

बॅटरीचा हिशेब असा. पहिली मॅरेथॉन पाच-सहा तासांची धरली तर जीपीएस चालू असताना किमान बारा तास टिकणारं घड्याळ घ्यावं, कारण तीन-चार वर्षांत लिथियम बॅटरी थकते. आमच्या हवेत मला दुसरी अट तेवढीच महत्त्वाची वाटते: बटणं. घामेजलेल्या बोटांना आणि जुलैच्या पावसाला टच स्क्रीन दाद देत नाही, आणि लॅपचं बटण आंधळेपणाने दाबता आलं पाहिजे. उन्हात पडदा वाचता येतो का ते दुकानाबाहेर येऊन बघावं. धावून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्याने धुवावं, नाहीतर घामातलं मीठ चार्जिंगचे बिंदू खाऊन टाकतं.

आणि सुरुवातीला थांबावं. उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील सेकंदाला अवघे ५० बिट या गतीने सांगतो, त्याची एक फेरी ३० सेकंदांची. संदेश एवढा क्षीण असतो की आसपासच्या रेडिओ-गोंगाटात तो बुडालेलाच असतो. बिल्डिंगच्या पोर्चमध्ये उभं राहून बटण दाबणाऱ्याचं पहिलं अर्धं किलोमीटर म्हणूनच भरकटतं. आदल्या रात्री घड्याळ फोनशी जोडून घेतलं की येत्या काही दिवसांच्या कक्षा त्यात आधीच उतरतात. मग सकाळी उघड्यावर काही सेकंदांत काम होतं.

धावण्याची रेघ कुठे जाते याकडेही लक्ष असावं. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या धावांची नोंद ठेवणाऱ्या अॅपने जगभरच्या धावकांच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. पुढच्या जानेवारीत नेथन रूझर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिलं की सीरिया आणि अफगाणिस्तानच्या निर्जन भागांत त्यावर लष्करी तळांचे आकार उजळलेले दिसतात. सैनिक तिथे घड्याळ बांधून धावत होते. आपलं घर सैनिकी तळ नसलं, तरी रोज पहाटे साडेपाचला एकटी निघणारी बाई कुठल्या दारातून निघते हे कुणालाही का कळावं? अॅपमध्ये घराभोवतीचा भाग लपवण्याची सोय असते. ती पहिल्याच दिवशी चालू करावी.

या कुळात आता आपलीही शाखा आहे. इस्रोने १ जुलै २०१३ रोजी पहिला दिशादर्शन उपग्रह सोडला, आणि २०१६ मध्ये सातवा गेल्यावर या यंत्रणेला नाविक हे नाव मिळालं. नाविकचे उपग्रह जीपीएसहून कितीतरी वर, सुमारे ३६,००० किलोमीटरवर आहेत आणि कायम भारताच्या परिसरावरच राहतात. त्यामुळे आपल्याकडून ते आकाशात बरेच उंच दिसतात, आणि उंच दिसणारा उपग्रह इमारतींच्या मधल्या फटीतूनही सापडतो. पण सुरुवातीचे उपग्रह एल-फाइव्ह आणि एस या पट्ट्यांतच बोलत, आणि घड्याळांतल्या छोट्या, स्वस्त चिपा मुख्यतः एल-वनवर ऐकणाऱ्या. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ वर एल-वनचा संदेश आला आणि देशात बनवलेलं रुबिडियम अणुघड्याळही. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०२ ला ठरलेल्या कक्षेत पोचता आलं नाही, त्यामुळे ही पिढी पुरी व्हायची आहे. ती झाली की नरीमन पॉइंटच्या गल्लीत धावणाऱ्याला तिचा फायदा कदाचित सर्वांत आधी जाणवेल. नवं घड्याळ घेताना खोक्यावर जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू या नावांची यादी असते. तिच्यात नाविक आहे का, आणि असल्यास कुठल्या पट्ट्यावर, हे दुकानदाराला विचारायला आता हरकत नाही.